साबणापुरता मेलेला

द्रेनोवित्सा, ३ नोव्हेंबर १९९६

रालित्सा,

तुझी आत्या अजून हिंडतीफिरती आहे हे कळवायला हा कागद. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू हळू बोलतेस, तेव्हा पत्रच बरं.

आपलं न्हाणीघर बंद झालं. तेवीस वर्षं मी त्या बंबाजवळ काढली. नगरपालिकेचा माणूस आला, म्हणाला, कोळसा नाही, कुलूप घाला. घातलं. खालच्या आळीत घरांत नळ नाहीत हे तुला सांगायला नको. तूही दर शनिवारी माझ्या हातून घासून निघायचीस आणि गाव गोळा करायचीस. आता ही माणसं अंघोळीला जाणार कुठे? शिवाय दुकानात साबण दिसत नाही, दिसला तर घेववत नाही. बायका कपड्याच्या साबणाची एक वडी दोऱ्यानं कापून चौघींत वाटून घेतात. महिन्याच्या दिवसांत जुन्या चादरी फाडतात, आणि त्या धुवायला पूड नाही. तान्ह्यांच्या ढुंगणावर पुरळ आहे. माझ्यासारख्या बाईला हे बघवत नाही.

बंबामागच्या खोलीत सेवदा राहते. तू तिला पाहिलेलं नाहीस, डोंगराकडची आहे. नवरा त्रायको दोन वर्षांपूर्वी ग्रीसला संत्री तोडायला गेला. यंदाच्या ईस्टरपर्यंत पत्रं आली, मग बंद. ही कारखान्यात मिरच्या भरते. पोरगी नेव्याना, पाच वर्षांची. डोक्यात उवा आणि खपल्या म्हणून बालवाडीनं तिला घरी पाठवली. पोर घरी म्हणजे आई कामावर जाणार कशी? जगात या पोरीशिवाय आपलं काही नाही, असं सेवदा येताजाता सांगते, आणि ते खरं आहे.

तू त्या मदतवाल्या संस्थेत टाइप करत बसतेस. त्यांना सांग, गहू-तांदूळ सगळेच देतात, साबण पाठवा.

तुझी दाना आत्या


सोफिया, २१ नोव्हेंबर १९९६

आत्या,

घासून निघण्याचा विषय काढलास आणि माझे कान पुन्हा लाल झाले. तुझ्या हातात त्या वेळी घोड्याचा खरारा असायचा असा माझा अजून संशय आहे.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. चाळीस घरांसाठी खोकी मंजूर झाली आहेत. प्रत्येकात अंगाचा साबण, धुण्याची पूड, दातांची पेस्ट, बाळांचे लंगोट, बायकांचे पॅड आणि उवांचं औषध. पुढच्या आठवड्यात ट्रक निघेल. सोबत फॉर्म येतील, घरामागे एक, ते नीट भर. ज्या घरात बाप नाही त्याला दोन खोकी.

शेवटच्या पानावर मुलांची माहिती हवी: उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग. आणि एक फोटो, अंघोळ घातल्यानंतरचा. हे पान नवीन आहे. कोर्नेलियाबाई म्हणून एक आल्या आहेत, परदेशी देणगीदारांचं काम बघतात, त्यांनी घातलं. डोळ्यांचा रंग कशाला म्हणून मी विचारणार होते, पण त्या इतक्या गोड बोलतात की विचारायचं राहून जातं. पुढे कपडे येणार असतील.

जपून राहा, आणि बंब पेटवायच्या भानगडीत पडू नकोस.

रालित्सा


द्रेनोवित्सा, ९ डिसेंबर १९९६

रालित्सा,

बंब पेटवला. किल्ली माझ्याचकडे आहे, शिक्काही आहे, पालिकेनं मागितला नाही आणि मी दिला नाही. मोडके बाक जाळले. तुला सांगते, दोन महिन्यांनी त्या भिंतींना घाम सुटलेला पाहून मला रडूच आलं.

खोकी पोचली त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत टेबल मांडून, चष्मा चढवून, हेडमास्तरणीसारखी बसले. रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पहिली बोयाना, पाच पोरांची आई.

"मावशी, बापाच्या रकान्यात काय लिहायचं?"

"नवरा आहे ना तुला?"

"आहे, पण गुत्त्यात आहे. घरात नाही."

सगळ्या हसल्या. मी लिहिलं, बाप नाही. दोन खोकी. मागची म्हणाली, माझापण गुत्त्यातच असतो. तिलाही दोन. रालित्सा, त्या सकाळी माझ्या पेनानं सव्वीस बाप गेले, आणि एकाही बाईनं डोळे पुसले नाहीत. वरच्या लोकांना कुठं पत्ता लागणार आहे? आमच्या लोकांनी आयुष्यभर सरकारी फॉर्म असेच भरले. खरं लिहिणाऱ्याला कधी कुणी काही दिलंय का?

सेवदा तेवढी अडून बसली. "नको मावशी. त्रायको जिवंत आहे. जित्या माणसाला कागदावर मारू नये."

"अगं, साबणापुरता मेला. उद्या आला की मी स्वतः खोडून देईन."

तिनं पोरीची टोपी काढली. मग पोरीच्या डोक्यावरच्या खपल्यांकडे बघून म्हणाली, "लिहा." खाली सही केली, साक्षीला मी सही केली.

मग मी पोरं धुवायला घेतली, एकामागून एक. नेव्यानाची तीन पाणी काळी गेली. चौथ्या पाण्याला केस दिसले आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला. मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे केस, रालित्सा. डोळे हिरवे. आई म्हणाली, तान्ही होती तेव्हा अशीच होती, मी विसरूनच गेले होते. माझी लेसची कॉलर तिच्या गळ्यात घालून फोटो काढून घेतला. फोटोवाल्या एव्लोगीनं तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "ही इथली वाटतच नाही." मला ते ऐकून अभिमान वाटला, जसं काही मीच तिला जन्माला घातलं. फॉर्मवर मी ठळक लिहिलं: केस सोनेरी, डोळे हिरवे, बाप नाही.

तुझी आत्या


सोफिया, २८ डिसेंबर १९९६

आत्या,

तुझ्या फोटोंनी इथे खळबळ उडवून दिली. कोर्नेलियाबाई त्या सोनेरी केसांच्या मुलीचा फोटो हातात घेऊन खिडकीशी गेल्या, उजेडात धरून बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "हिला बाप खरंच नाही?" मी म्हटलं, आत्यानं लिहिलंय म्हणजे नाही. सव्वीस बापांची गोष्ट मला माहीत होती, तरी मी तसं म्हटलं. खोकी बंद होतील अशी भीती वाटली.

चाळीस घरांचे फोटो आले, त्यांतले सहा त्यांनी आपल्या खणात ठेवले. बाकीचे पुठ्ठ्याच्या पेटीत गेले. ते सहाच का, असं विचारलं तर नुसत्या हसल्या.

त्यांचं एक म्हणणं तुला कळवायला सांगितलंय. जिल्ह्याच्या गावी बालगृह आहे. तिथे नळाला गरम पाणी आहे, डॉक्टर आहे, तीन वेळचं जेवण आहे. हिवाळ्यापुरती मुलं तिथे ठेवा, वसंतात घरी न्या. आणि ज्या घरची मुलं तिथे जातील त्यांना पुढची खोकी आधी मिळतील. ऐकायला चांगलं वाटतं. मला आता परदेशी पत्रांच्या भाषांतराचं काम मिळालंय, पगार जर्मन मार्कांत मिळतो, आईची औषधं येतात. तेव्हा मी तक्रार करू नये.

नववर्षाला भाकिताच्या चिठ्ठ्या घालून भाजलेल्या बानित्सात तुझ्या वाट्याला चांगली चिठ्ठी येवो.

रालित्सा


द्रेनोवित्सा, २२ जानेवारी १९९७

रालित्सा,

चिठ्ठीत प्रवास निघाला. परवा झाला.

नाताळापासून सेवदा खोकत होती. खोलीत लाकूड नाही, पाव मिळाला तर मिळाला. खोकी दुसऱ्यांदा आली ती नऊच, आणि ट्रकवाली म्हणाली, बालगृहात मूल असेल त्यालाच आधी. मी तुझं पत्र सेवदाला वाचून दाखवलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तिसऱ्या दिवशी पोर तापली तेव्हा मी जरा रागावूनच बोलले, की तुझा हट्ट मोठा का पोरीचा जीव मोठा. मग ती तयार झाली.

एव्लोगीच्या मॉस्कविच गाडीतून वीस तारखेला आम्ही तिघी गेलो. तुझ्या कोर्नेलियाबाई खोटं बोलत नाहीत. पांढऱ्या फरशा, नळाला वाफाळतं पाणी. मी स्वतः हात घालून पाहिला, चटका बसला. मी तर म्हणते मलाच ठेवून घ्या. मेट्रनबाईंनी कागद वाचून दाखवला, भराभर वाचला, सेवदानं सही केली आणि साक्षीला मी केली. माझा चष्मा गाडीत राहिला होता.

पोरीनं विचारलं, "कधी येशील?" सेवदा म्हणाली, "तुला करकोचा दिसला की मी आलेच." पोरगी लगेच खिडकीत जाऊन उभी राहिली. अगं, जानेवारीत कुठला करकोचा.

घरी आल्यावर सेवदा पोरीची टोपी घेऊन बसली. तिला दोन खोकी मिळाली आहेत, कोपऱ्यात तशीच बांधलेली पडली आहेत.

तुझी आत्या


सोफिया, ४ फेब्रुवारी १९९७

आत्या,

इथे रस्ते बंद आहेत, माणसं रोज मोर्चात. घाईत लिहिते.

सेवदाला दर महिन्याला बालगृहात पाठव. नुसतं जाऊन भागणार नाही, दारातल्या वहीत तिचं नाव लिहिलं गेलं पाहिजे, तिच्या डोळ्यांसमोर. का ते विचारू नकोस. हे पत्र वाचून जाळ.

र.


द्रेनोवित्सा, ९ मार्च १९९७

रालित्सा,

पत्र जाळलं, पण राग आला. का ते विचारू नकोस म्हणजे काय? मी काय लहान आहे?

सेवदा गेली होती, तीनदा. बस बंद, डिझेल नाही. पहिल्यांदा कांदे नेणाऱ्या ट्रकमधून गेली. दारवान म्हणाला, गोवर आहे, आत सोडत नाही. आणलेला साबण आणि पूड त्यानं ठेवून घेतली. वहीत नाव लिहा म्हणाली तर म्हणाला, वही आत जाणाऱ्यांसाठी असते, तू आत गेलीस का?

दुसऱ्यांदा अर्धी वाट चालत गेली. या वेळी नवीनच नियम निघाला. भेटायला येणाऱ्यानं उवा नसल्याचा दाखला आणायचा, न्हाणीघराच्या शिक्क्याचा. ती परत आली. मी म्हटलं, एवढंच ना? शिक्का माझ्या उशाखाली आहे. तिचं डोकं धुतलं, फणी फिरवली, झोकात दाखला लिहिला, ठप्पा मारला. कुणाकडून तरी गाडी मिळवून ती तिसऱ्यांदा गेली. मेट्रननं दाखला पाहिला आणि म्हणाली, तुमच्या गावचं न्हाणीघर ऑक्टोबरपासून बंद आहे, हा खोटा आहे, पोलिसांना बोलवू का? सेवदा पळत सुटली ती गावात येऊन थांबली.

तीनदा गेली आणि वहीत एकदाही नाव नाही. काल गल्लीत पोरांनी आरोळी दिली, करकोचा आला म्हणून. सेवदानं खिडकी लावून घेतली.

ती आता ग्रीसला जायचं म्हणते, त्रायकोला शोधायला. तिच्या गावचा एकजण गाडीतून नेतोय. दोघं मिळून आलो की कोण अडवतंय बघू, असं म्हणते. मला विचारलं. मी म्हटलं जा, पोर उबेत आहे, चार घास खातेय, तिची काळजी करू नकोस.

बरोबर सांगितलं ना मी?

तुझी आत्या


सोफिया, ३१ मार्च १९९७

आत्या,

सेवदा गेली नसेल तर तिला थांबव. आता मी सगळं लिहिते.

जी परदेशी पत्रं मी भाषांतर करते ती देणगीदारांची नाहीत. ती मूल हवं असलेल्या जोडप्यांची आहेत. कोर्नेलियाबाई त्यांना फोटो पाठवतात, ते त्यांतून निवडतात. जानेवारीत एक पत्र आलं, ते मीच भाषांतर केलं. 'लेसची कॉलर घातलेली, हिरव्या डोळ्यांची, जिला बाप नाही ती.' आत्या, मी ते वाक्य टाइप केलं, खाली तारीख घातली आणि जेवायला गेले. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

कायदा असा आहे की बालगृहात ठेवलेल्या मुलाला सहा महिने आईबापांपैकी कुणी भेटलं नाही तर मूल दत्तक देताना कोर्ट त्यांना विचारत नाही. भेटलं का नाही ते दारातल्या वहीवरून ठरतं. नेव्यानाचे सहा महिने वीस जुलैला भरतात. आता तुला कळलं असेल गोवर कुठून आला आणि दाखला कुठून आला.

मात्र मूल तिथे आहे हे बापाला कळवलेलंच नसेल, तर त्याला विचारायला हवंच, तो असेल तर. तो नाही याचा पुरावा म्हणून फाइलीला तुझा फॉर्म जोडलेला आहे. तुझं अक्षर, तुझी सही.

एकच मार्ग मला सुचतो. तू लिहून दे की फॉर्म खोटा भरला, मुलीला बाप आहे, ग्रीसमध्ये आहे, त्याचं नाव त्रायको. पालिकेचा शिक्का घेऊन कोर्टात दे. मग त्यांना त्याला शोधावं लागेल, तारीख पुढे जाईल, तोवर सेवदा येईल.

मी इथे जमेल तेवढे कागद हरवते.

रालित्सा


द्रेनोवित्सा, ६ मे १९९७

रालित्सा,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

सेवदा तुझं पत्र यायच्या आठवडाभर आधीच गेली. पत्ता नाही. तिला मीच जा म्हटलं.

ईस्टरनंतर मी स्वतः बालगृहात गेले. रंगवलेली अंडी नेली. मेट्रननं मला खुर्ची दिली, कॉफीसुद्धा दिली. मी म्हटलं, मला वहीत सही करू द्या. ती म्हणाली, "करा की. पण तुम्ही कोण मुलीच्या?" कोण मी? मी तिला धुतली, एवढंच. तिनं 'परकी' असं लिहून माझं नाव घातलं.

खिडकीतून पोर दिसली. पांढरी रिबीन, नवे बूट, गुबगुबीत झालीय. नखं तेवढी स्वच्छ मी माझ्या आयुष्यात पाहिली नाहीत. तिला आणलं. माझ्याकडे बघून तिनं गुडघा वाकवला आणि मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी म्हणाली. मेट्रन म्हणाली, "नमस्कार केला तुम्हाला. हुशार आहे, लवकर शिकते." मग पोर माझ्या कानाशी आली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "मावशी, मी पुरेशी स्वच्छ झाले का? आता नेणार?"

मी मेट्रनला सांगितलं, या मुलीला बाप आहे. फॉर्म मी खोटा भरला.

ती कप ठेवत म्हणाली, "मग तसं लिहून द्या. पण एक खोटा म्हणजे सगळेच तपासतील. बाप नसलेली सव्वीस घरं आहेत ना तुमची? खोकी बंद होतील, मिळालेलीही मागतील. बायकांवर केस होईल. तुमच्यावर तर होईलच. तुम्ही ठरवा, बाई."

मी लिहून दिलं नाही. बोयानाला सहावं झालंय, लंगोट त्या खोक्यातूनच येतात. खालच्या आळीत या हिवाळ्यात एकाही बाळाला पुरळ उठलं नाही, हे मला दिसतं. आणि माझी पेन्शन आहे. ती पण दिसते, खोटं कशाला बोलू. सेवदा येईल, असं मी धरून चाललेय. अजून अडीच महिने आहेत.

तुझी आत्या


सोफिया, ८ जुलै १९९७

आत्या,

तुझा कागद आलाच नाही. मी फाइल दोनदा हरवली, एकदा कपाटामागे, एकदा घरी नेली. कोर्नेलियाबाईंनी तिसऱ्या वेळी काही न बोलता भाषांतर दुसऱ्या मुलीला दिलं. मी काल राजीनामा दिला. फार उशिरा दिला.

ते जोडपं पंधरा तारखेला येतंय. कोर्टाची तारीख बावीस. बारा तारखेच्या आत तुझा कागद कोर्टात पोचला तर काही होईल. आता घरांचा विचार करू नकोस, पेन्शनचा करू नकोस. मी तुला पोसेन.

रालित्सा


द्रेनोवित्सा, १४ सप्टेंबर १९९७

रालित्सा,

तू तीन पत्रं पाठवलीस, मी एकालाही उत्तर दिलं नाही. आज देते.

तुझं जुलैचं पत्र मला चौदाला मिळालं. त्याच दिवशी लिहिलं सगळं, सव्वीसच्या सव्वीस बापांची नावं घालून. पालिकेत शिक्क्याला गेले. तिथला माणूस म्हणाला साहेब सुट्टीवर, सोमवारी या. त्याच्या बहिणीलाही मी दोन खोकी दिली होती. सोमवारी म्हणाला गुरुवारी या. शेवटी बिनशिक्क्याचाच कागद घेऊन मी बावीसला कोर्टात गेले. कारकून तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"आजी, याच अक्षरात लिहिलंय, बाप नाही. याच अक्षरात लिहिलंय, बाप आहे. मी कुठलं खरं मानू?"

मी म्हटलं, दुसरं. तो म्हणाला, पहिल्यावर साक्ष आहे, मुलीच्या आईची सही आहे. यावर काय आहे? यावर काहीच नव्हतं. मे महिन्यात लिहिलं असतं तर वेळ होता. ते मी स्वतःला रोज सांगते, तू सांगायची गरज नाही.

पोर सव्वीसला विमानानं गेली.

ऑगस्टच्या नऊ तारखेला सेवदा आली. सोबत त्रायको. तो तिकडे बिनकागदाचा पकडला गेला होता, तुरुंगात होता, म्हणून पत्रं बंद. तिनं चार महिने हॉटेलात भांडी घासून त्याला शोधून काढला. दोघं थेट बालगृहात गेली, आणि तिथून माझ्या दारात. त्रायको मोठा माणूस आहे, हळू बोलतो. म्हणाला, "मावशी, मी मेलोय असं तिथे म्हणतात. तुम्ही सांगितलंत म्हणे." मी त्याला सगळं सांगितलं, एक गोष्ट न लपवता. सेवदा माझ्याकडे बघत नव्हती. त्यांनी वकील केलाय. वकील म्हणतो, वर्षं लागतील, आशा धरू नका. ती दोघं बंबामागेच राहतात. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत नाही, हेच मला सगळ्यात जड जातं.

आता कालचं सांगते. खोकी आली. तू म्हणशील परत का नाही पाठवलीस. बोयानाच्या तान्हीला बघ आणि मग म्हण. फॉर्म आले, शेवटचं पान तेच. केस, डोळे, अंघोळीनंतरचा फोटो. या वेळी फोटो काढायला त्यांची स्वतःची बाई ट्रकबरोबर आली होती, कॅमेरा गळ्यात. म्हणाली, दुपारी सुरू करू.

बायका सकाळीच पोरं घेऊन आल्या. बोयाना म्हणाली, "मावशी, ह्याला आधी धुवा, फोटोत बरा दिसेल."

मी बंब पेटवला नाही. राखेचा डबा काढला, काजळी काढली, थोडं तेल घातलं. रालित्सा, तेवीस वर्षं मी गावातल्या पोरांचा मळ काढला. काल मी तो माझ्या हातानं लावला. केसांत राख, गालांवर काजळी, नाकाखाली शेंबडासारखं तेल. ज्याचे केस उजळ त्याला दुप्पट. एक पोर रडायला लागलं, म्हणालं, माझं तोंड असं नाही. आया पहिल्यांदा हसल्या. मग त्यांना समजलं. बोयानानं स्वतःहून धाकट्याचं डोकं राखेत घातलं.

आणि बापाच्या रकान्यात मी प्रत्येकाचं नाव लिहिलं, आडनावासकट. गुत्त्यातले, तुरुंगातले, सोडून गेलेले, सगळे. घरामागे एकच खोकं आलं. लंगोट महिनाभर पुरणार नाहीत. कुणी तक्रार केली नाही.

ट्रकवाल्या बाईनं दोन-तीन फोटो काढले आणि कॅमेरा मिटला. "इथे पाणी नाही का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही.

तो ट्रक पुलापलीकडे गेल्यावर मी बंब पेटवला. पोरं रांगेत उभी केली. एकटीनं होईना. तेवढ्यात सेवदा आत आली. बाह्या सारल्या आणि बोयानाच्या धाकट्याला पुढ्यात घेतलं. मी खोक्यातला साबण तिच्यापुढे केला. तो तिनं घेतला नाही. एप्रनच्या खिशातून स्वतःचा काढला, हिरवा, ऑलिव्हचा, ग्रीसहून आणलेला. त्याचा कागदही अजून फोडला नव्हता. नेव्यानासाठी आणला होता तिनं. तो कागद दातांनी फाडून ती त्या पोराचं डोकं धुवायला लागली.

दाना आत्या